बाबूमोशायचं पोट

आमच्या ऑफिसात दरवर्षी 'वेलनेस वीक' असतो. सकाळी झुंबा, दुपारी डाएटिशियनचं लेक्चर, कँटीनमध्ये आठवडाभर समोशाऐवजी मोड आलेले मूग. यंदा एचआरच्या मॅडमनी मला गाठलं. "तू तुझी स्टोरी सांग ना. दहाच मिनिटं. लोकांना इन्स्पिरेशन मिळेल." तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझं बरं चाललं होतं, वजन चार किलोंनी वाढलं होतं आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले होते. त्यानंतर औषधाचा जोर ओसरला. आता भाषणाची तारीख दहा दिवसांवर आली आहे आणि माझी स्टोरी मधल्या मध्ये लटकली आहे. जिंकले म्हणावं तर दिवसातून आठ वेळा संडासला जाते आहे. हरले म्हणावं तर रोज लॉगिन करते आहे, स्टँडअपला 'नो ब्लॉकर्स' म्हणते आहे.

दहा मिनिटांत काय सांगायचं म्हणून मी नमुने शोधायला लागले. आजाराची गोष्ट आपल्याकडे कशी सांगतात? त्याच रात्री, पोटावर शेकायची पिशवी ठेवून, मी 'आनंद' पुन्हा बघितला. आणि पहिल्यांदा नीट ऐकलं की आनंदला झालेलं काय असतं. लिम्फोसार्कोमा ऑफ द इंटेस्टाइन. आतड्याचा कॅन्सर! नाव भारदस्त आहे म्हणून तो त्याची थट्टाही करतो, एखाद्या व्हाइसरॉयचं नाव वाटतं म्हणतो. हा सिनेमा मी लहानपणापासून आईबरोबर किमान पाच वेळा पाहिला असेल. आम्ही दोघी दर वेळी रडलो आहोत. पण हा माणूस माझ्याच अवयवाचा पेशंट आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. कसं येणार? त्या अख्ख्या सिनेमात आतडं आहे ते फक्त निदानात.

हृषीकेश मुखर्जींचा 'आनंद' १९७१ चा. माझं त्याच्याशी भांडण नाही, किंवा आहे ते घरातल्या माणसाशी असावं तसं आहे. त्यातला मराठी गोतावळा तर मला फार आवडतो. रमेश देव आणि सीमा देव यांचं कुलकर्णी जोडपं, ललिता पवारांची कडक मेट्रन. पण राजेश खन्नाचा आनंद हसतो, गातो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारतो, आणि दोन तासांत एकदाही 'एक मिनिट, आलोच' म्हणून आत जात नाही. तो जेवतो तेव्हा ताटाकडे संशयाने बघत नाही. फिरायला निघताना वाटेत कुठे सोय आहे हे त्याला माहीत करून घ्यावं लागत नाही. शेवटाकडे त्याला त्रास होतो, तोही देखणा. मला कळतं, १९७१ साली हिंदी पडद्यावर संडास दाखवणं शक्य नव्हतं. पण मग आतडं का निवडलं? मेंदू होता, रक्त होतं, फुप्फुस होतं. मला वाटतं, आतडं निवडलं कारण ते झाकलेलं असतं. बाहेरून माणूस धडधाकट, आत मरण. नाट्याला सोयीचं. आतल्या गोष्टीचा वास मात्र बाहेर येऊ द्यायचा नाही.

आणि मग ते प्रसिद्ध वाक्य. आयुष्य मोठं असावं, लांब असण्यात काय आहे, अशा अर्थाचं. व्हॉट्सॲपवर फुलांच्या फोटोसकट ते मला किमान तीन जणांनी पाठवलंय. त्यातल्या मावशीने तर ऑपरेशनची शक्यता निघाली त्याच दिवशी. आनंदसाठी ते वाक्य खरं आहे. त्याच्याकडे फार तर सहा महिने आहेत, लांबीचा पर्यायच नाही, तेव्हा तो रुंदी वाढवतो. माझं गणित उलटं आहे. मी बावीस वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले होते, "घाबरू नका, याने माणूस सहसा मरत नाही. पण लाइफलाँग आहे." लाँग. म्हणजे मला मिळालेलं आहे ते लांबच. त्याचं काय करायचं, हे बाबूमोशायला कुणी सांगितलं नाही आणि त्याने आम्हाला सांगितलं नाही.

क्रोन्सबद्दल थोडक्यात सांगून टाकते, कारण भाषणात हे सांगायला वेळ मिळणार नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि पचनमार्गावर तुटून पडते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, पण बहुतेकदा लहान आतडं जिथे संपतं तिथे. सूज, जखमा, कधी आतडं अरुंद होणं, कधी नको तिथे वाट फुटणं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी १९३२ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. लेखकांची नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने छापली होती, म्हणून आजार क्रोनच्या नावावर गेला. आपल्या देशात याला आणखी एक पदर आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनसुद्धा इतके सारखे दिसतात की अनेकांना आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. मीही इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष एकेटीच्या गोळ्यांवर काढलं. गुण आला नाही, म्हणून मग हे.

पुढची औषधं म्हणजे पायऱ्या. स्टिरॉइडने चेहरा चंद्रासारखा गोल झाला. कॉलेजच्या फेअरवेलच्या फोटोत मी माझी मलाच ओळखू येत नाही. मग ॲझाथायोप्रिन. मग इन्फ्लिक्सिमॅब, सलाइनमधून. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्याला तिसरा, नंतर दर आठ आठवड्यांनी. दीड वर्षं मी माणसासारखी जगले. ट्रेकला गेले, कांदेपोहे खाल्ले, कार्यक्रमातलेही आणि नुसते चवीचेही. मग सहाव्या आठवड्यातच पोट बोलायला लागलं. रक्त तपासलं तर कळलं, माझ्या शरीराने औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार केल्या होत्या. या औषधात उंदराच्या प्रथिनाचा अंश असतो, तो शरीराला परका वाटू शकतो. म्हणजे जी व्यवस्था नको तिथे मारामारी करते म्हणून औषध दिलं, तिने औषधाशीही मारामारी केली. आता अडॅलिमुमॅबचं पेन, दोन आठवड्यांतून एकदा, स्वतःच मांडीत टोचून घ्यायचं. त्याने निम्मं काम होतं. निम्मं होत नाही.

या निम्म्यासाठी डॉक्टरी इंग्रजीत एक वाक्प्रयोग आहे. माझ्या फाइलमध्ये लिहिलंय: पेशंट फेल्ड इन्फ्लिक्सिमॅब. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. कर्ता कोण आहे बघा. औषध नापास झालेलं नाही, मी झाले आहे. माझ्या धंद्यात एखादी लायब्ररी चालली नाही तर आम्ही 'युजर फेल झाला' असं लिहीत नाही. म्हणजे मनात म्हणतो, तिकिटावर लिहीत नाही. मराठी इथे जास्त सभ्य आहे. औषध 'लागू पडलं नाही'. 'गुण आला नाही'. 'उतार पडला नाही'. यात दोष कुणाचाच नाही. गुण पाहुण्यासारखा, आला तर आला. आजी एखाद्या डॉक्टरबद्दल म्हणायची, "त्याच्या हाताला गुण आहे." म्हणजे यशसुद्धा गोळीचं नाही, हाताचं. शास्त्र म्हणून हे कच्चं असेल, पण रात्री दोन वाजता फाइल उघडून बसलेल्या माणसाला यातलं कुठलं व्याकरण झोपू देतं, ते मला माहीत आहे.

व्हर्जिनिया वूल्फने १९२६ मध्ये आजारपणावर एक निबंध लिहिला होता, 'ऑन बीइंग इल'. प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या रांगेत साहित्याने आजारपणाला जागा का दिली नाही, असा तिचा प्रश्न आहे. पुढे ती म्हणते की हॅम्लेटचे विचार पेलणाऱ्या इंग्रजीकडे साध्या डोकेदुखीसाठी शब्द नाहीत. हे वाचताना मी माझ्या आईच्या भाषेचा विचार करत होते. आमच्याकडे शब्दांची ददात नाही. मुरडा, कळ, ठणका, चमक, शूळ. पोटात ढवळतं, कालवतं, डचमळतं, गुरगुरतं, तडस लागते, आग पडते, गोळा येतो. मुरडा आणि कळ यांत फरक आहे आणि तो मला रोज कळतो. मुरडा पिळतो आणि सोडतो, कळ येते आणि जाताना दुसरीला बोलावून जाते. पण ओपीडीत हे सगळं बाहेर ठेवून आत जायचं असतं. आत विचारतात, "एक ते दहामध्ये किती?" मी म्हणते, "सहा." इतक्या श्रीमंत भाषेचं सहा होतं.

तरी मराठीचीही एक अडचण आहे, आणि ती वूल्फच्या अडचणीच्या बरोबर उलटी आहे. पोट हा अवयव आपण वाक्प्रचारांना आधीच भाड्याने दिलेला आहे. अपराध पोटात घालतात, गुपित पोटात ठेवतात, कुणाच्या पोटावर पाय देतात, स्वतःच्या पोटाला चिमटा काढतात, बोलतात ते पोटतिडकीने. आणि दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं. मागच्या अप्रेझलच्या दिवशी मी टीममधल्या एकाला सांगितलं, "अरे, आज पोटात फार दुखतंय, लवकर निघते." तो हसत म्हणाला, "का, कुणाला प्रमोशन मिळालं?" विनोद चांगला होता. मीही हसले, मग वॉशरूममध्ये चाळीस मिनिटं बसले. सूझन सोंटॅग 'इलनेस ॲज मेटाफर' मध्ये तक्रार करते की टीबी आणि कॅन्सर यांच्यावर रूपकं लादली जातात. इथे रूपकं आधीपासून बसलेली आहेत, आजार नंतर आला आणि त्याला उभं राहायलाही जागा मिळेना.

मग आर्थर फ्रँकचं 'द वूंडेड स्टोरीटेलर' वाचलं, कारण आजाराच्या गोष्टी म्हटलं की सगळे त्याचं नाव घेतात. फ्रँक समाजशास्त्रज्ञ, स्वतः हृदयविकार आणि कॅन्सर दोन्हींतून गेलेला. त्याचं हे पुस्तक १९९५ चं. तो आजाराच्या गोष्टींचे तीन साचे मांडतो: बरं होऊन पूर्ववत होण्याची गोष्ट, गोंधळाची गोष्ट आणि शोधयात्रेची गोष्ट. एचआरला हवी असते पहिली, फार तर तिसरी. गोंधळ सांगताच येत नाही, असं फ्रँक म्हणतो, कारण सांगायला गोंधळाबाहेर यावं लागतं. हे मला पटलं. पण माझ्यापुरतं एक राहून गेलं. माझ्या आयुष्यात पहिली गोष्ट दर नव्या औषधाबरोबर पुन्हा सुरू होते. नवं औषध आलं की सगळे म्हणतात, आता बरं वाटेल. मीही म्हणते. सहा महिने वाटतंही. मग नाही. ही गोष्ट फसलेली नसते आणि पूर्णही झालेली नसते. तिला लूप म्हणावं, तर लूपला बाहेर पडायची अट असते.

उपचार नीट चालत नसतात तेव्हा मधली जागा सल्ल्यांनी भरते. यावर इंग्रजीत मला चांगलं काही सापडलं नाही, सापडलं ते पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मध्ये. 'उपास' हा त्यातला भाग आजाराबद्दल नाहीच, वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाबद्दल आहे. पण एखाद्याने आपल्या शरीराबद्दल जाहीर काही बोललं की ते शरीर सार्वजनिक कसं होतं, हे त्यात जितकं नेमकं आहे तितकं फ्रँकमध्ये नाही. अख्खी चाळ येऊन सांगते काय खायचं, काय सोडायचं. माझी चाळ फोनमध्ये आहे. बेलाचा मुरंबा. ताक. ताक अजिबात नको. गहू सोड. एका नातेवाइकांनी फोन करून विचारलं, "तुम्हा मुलींना बाहेरचं खायची सवय, त्यानेच झालं ना?" प्रत्येक सल्ल्याच्या तळाशी एक सूचना असते: तू काहीतरी चुकीचं केलंस, ते दुरुस्त कर. पेशंट फेल्ड. पु. लं.चा नायक निदान वजनाचा काटा दाखवू शकतो. मी काय दाखवू? कॅल्प्रोटेक्टिनचा रिपोर्ट? पन्नासच्या आत हवं, माझं नऊशेच्या वर आहे. हा आकडा शौचाच्या नमुन्यातून काढतात, असं सांगितलं की सल्ला देणारे फोन ठेवतात. तेवढा उपयोग त्याचा आहे.

आणि शेवटी 'पिकू'. शुजित सरकारचा, जुही चतुर्वेदीने लिहिलेला, २०१५ चा. यातला म्हातारा बद्धकोष्ठाने त्रासलेला आहे आणि तो अख्ख्या जगाला त्याबद्दल सांगतो. मुलगी ऑफिसात असताना तिला निरोप पाठवतो, त्यात रंग आणि घट्टपणा यांचं सविस्तर वर्णन. दिल्लीहून कोलकात्याला गाडीने जायचं तर टपावर कमोडची खुर्ची बांधलेली. मी हा सिनेमा कॉलेजात, निदान व्हायच्या आधी पाहिला होता आणि नुसती हसले होते. आता पाहताना त्या खुर्चीजवळ मला रडू आलं. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते आता गाडीच्या टपावर, हायवेवर, सगळ्यांसमोर. माझ्या माहितीत टपावरच्या त्या खुर्चीइतकी प्रामाणिक वस्तू हिंदी सिनेमात कमी आहे. पुण्याहून मुंबईला निघताना एक्स्प्रेसवेवरचे फूड मॉल कुठे कुठे आहेत ते मला पाठ आहे. आदल्या रात्रीपासून मी जेवत नाही. खुर्ची बांधायची सोय असती तर मीही बांधली असती.

या म्हाताऱ्याचं नाव भास्कर बॅनर्जी. ते काम अमिताभ बच्चनने केलं आहे. आणि 'आनंद'मधल्या डॉक्टरचं, बाबूमोशायचं नाव? भास्कर बॅनर्जी. अमिताभ बच्चन. हा योगायोग अनेकांनी टिपलाय, गंमत म्हणून. मला तो गमतीपेक्षा जास्त वाटतो. 'आनंद'च्या सुरुवातीला तरुण डॉक्टर भास्कर एका धनाढ्य पेशंटला तोंडावर सांगतो की तुम्हाला काहीही झालेलं नाही. त्याला श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांची चीड आहे. खरा आजार त्याच्या लेखी गंभीर, करुण असतो. तो आनंदवर पुस्तक लिहितो, बक्षीस मिळवतो. ४४ वर्षांनी तोच भास्कर स्वतःच्या पोटाकडे कान लावून बसलेला आहे, नॉर्मल रिपोर्टवर त्याचा विश्वास नाही, आणि कुणीही त्याच्यावर पुस्तक लिहिणार नाही. दुसऱ्याच्या आतड्यावर ज्याने सुंदर लिहिलं, त्याला शेवटी स्वतःचं आतडं मिळालं. दोन सिनेमे मागेपुढे ठेवून पाहिले की 'आनंद'मध्ये वगळलेला संडास 'पिकू'मध्ये व्याजासकट परत येतो.

पण 'पिकू'सुद्धा मला शेवटपर्यंत सोबत करत नाही. कोलकात्यात भास्कर एकदा एकटाच सायकलवरून शहर फिरून येतो, अखेर त्याचं पोट मनासारखं साफ होतं, आणि तो झोपेत जातो. किती गोड. प्रेक्षागृहात लोक हसतात आणि रडतात. मी मात्र चिडले. एवढं धाडस केलेल्या सिनेमालाही दुसऱ्या दिवशीची सकाळ झेपली नाही. समजा तो जगला असता. समजा दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट साफ झालं नसतं. पिकूने पुन्हा फोन उचलला असता, पुन्हा चिडली असती, पुन्हा इसबगोल आणलं असतं. ती गोष्ट कुठे आहे? मराठीतही पद्मजा फाटक यांचं 'हसरी किडनी' आहे, पण त्यात प्रत्यारोपण आहे, म्हणजे एक आधी आणि एक नंतर आहे. मला जे हवंय त्यात फक्त एक मंगळवार असेल. त्यानंतर बुधवार.

आपण म्हणतो, तिने मोठं दुखणं काढलं. रात्र काढतात, दिवस काढतात, आयटीवाले नोटीस पीरियड काढतात. दुखणंही काढायचंच असतं. हे क्रियापद मला आनंदच्या वाक्यापेक्षा जवळचं वाटतं, कारण त्यात मोठं असण्याची अट नाही.

पिकू माझी आई आहे. आमच्याकडे उलटं आहे, सांगलीहून रोज रात्री नऊला तिचा फोन येतो आणि 'जेवलीस का' च्या आधी ती विचारते, "आज किती?" मी आकडा सांगते. कधी कधी दोनने कमी करून सांगते. ती 'बरं' म्हणते, आणि तिला कळलेलं असतं. नव्या औषधाचं, म्हणजे उस्टेकिनुमॅबचं, डॉक्टरांनी सुचवलंय. किंवा आतड्याचा अरुंद झालेला भाग कापून काढायचा. यातलं काय, हे मला महिनाअखेरीपर्यंत ठरवायचंय. तिला अजून दुसरा पर्याय सांगितलेला नाही.

भाषणाचा मसुदा काल एचआरला पाठवला. त्यात 'आनंद' नाही, फाइट नाही. चौथ्या मजल्यावर बायकांच्या दोन टॉयलेटपैकी एकात गेलं वर्षभर जुने मॉनिटर ठेवून कुलूप लावलेलं आहे, हे मात्र आहे, फोटोसकट. मॅडमचं उत्तर आलं: "छान आहे, पण शेवट थोडा पॉझिटिव्ह करता येईल का?" मी अजून काही लिहिलेलं नाही. आज गुरुवार, इंजेक्शनचा दिवस. पेन फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवलंय, अर्धा तास बाहेर राहिलं की कमी झोंबतं. नऊला पाच कमी आहेत.